मिठाचा निचरा

रक्तदाब वाढलेला निघाला की जालना जिल्ह्यात माणसाला दोन बाजूंनी उपाय मिळतात. दवाखान्यात गोळी लिहून देतात, आणि घरी पोहोचेपर्यंत वाटेत चार जणांनी चार गोष्टी सांगितलेल्या असतात. सकाळी अनशापोटी धण्याचं पाणी घ्या. दुधीचा रस घ्या. सराट्याचा काढा करा, गोखरू म्हणतात तो हाच. भोकरदन-जाफराबादकडे मका भरपूर, तिकडे कणसाचे केस उकळून प्यायला सांगतात. उन्हाळ्यात काकडी आणि कलिंगड, पावसाळ्यात घोळ आणि घेटुळी. या सगळ्यांमागचा विचार एकच आहे. लघवी साफ झाली की अंगातलं पाणी उतरतं आणि पाणी उतरलं की दाब उतरतो. दवाखान्यातल्या गोळ्यांमध्येही एक ‘लघवीची गोळी’ असतेच. मग तिचं काम भाजीने का होऊ नये, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्याला शास्त्राने दिलेलं उत्तर बरंच सविस्तर आहे. ते नीट समजून घेतलं नाही तर माणसं काढ्याच्या भरवशावर गोळी बंद करतात, आणि पुढे कधीतरी अर्धांगाचा झटका येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. देशात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांचा दाब वाढलेला आहे किंवा ते त्यासाठी औषध घेत आहेत, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. म्हणजे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घराचा आहे.

आधी मूत्रपिंडाचं काम पाहू. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं रक्तात परत घेतलं जातं. त्या गाळलेल्या द्रवात विरघळलेलं मीठ जवळपास दीड किलो भरतं, आणि त्यातलंही ९९ टक्क्यांहून जास्त परत घेतलं जातं. दाबाचं सारं गणित या शेवटच्या एक टक्क्याभोवती फिरतं. शरीराने मीठ थोडं जास्त धरून ठेवलं की त्याच्यामागे पाणी थांबतं, रक्तवाहिन्यांतला द्रव वाढतो, आणि दिवसामागून दिवस असंच चाललं तर दाब चढून बसतो. आता तांब्याभर पाणी प्यायलं तर तासाभरात लघवी होते, पण त्यातून गेलेलं पाणी हे आत्ताच प्यायलेलं पाणी असतं. मीठ जिथल्या तिथे राहतं आणि दाबही. कलिंगड खाल्ल्यावर किंवा दुधीचा रस प्यायल्यावर लघवीला जावं लागतं, ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे. म्हणून एखादा पदार्थ ‘मूत्रल’ आहे एवढं कळून दाबाविषयी काहीच कळत नाही. लघवीवाटे सोडियम किती गेलं, हे कळायला हवं.

लघवी वाढवणाऱ्या वनस्पतींचं ज्ञान आपल्याकडे फार जुनं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय सांगितले आहेत. त्यांतला एक गट मूत्रविरेचनीय आहे, त्यात दहा वनस्पती आहेत. श्वदंष्ट्रा म्हणजे आपलं गोखरू त्यात आहे, पाषाणभेद आहे, दर्भ, कुश आणि काश ही गवतं आहेत. पण या यादीचा उपयोग लघवी अडणं, जळजळ, खडे, सूज अशा तक्रारींसाठी होता. रक्तदाब तेव्हा कुणी मोजत नव्हतं, मोजण्याचं साधनच नव्हतं. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढला, आणि त्याखाली नळी लावून आवाज ऐकायची रीत रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. त्यामुळे ‘आयुर्वेदात बीपीसाठी गोखरू सांगितलंय’ हे वाक्य चुकीचं आहे. गोखरू लघवीसाठी सांगितलं होतं, दाबाची जोड आपण या शंभर वर्षांत लावली. यात चरकांचा मान कमी होत नाही. त्यांनी पाहिलं ते नेमकं लिहिलं, आणि आपणही तेवढंच नेमकं राहायला हवं.

युरोपातही गोष्ट झाडपाल्यापासूनच सुरू झाली. १७८५ साली इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिस या झुडपाच्या पानांनी अंगावरची सूज आणि पाणी कसं उतरतं, यावर पुस्तक लिहिलं. प्रत्यक्षात ती पानं हृदयाचं ठोकणं सुधारत होती, लघवी हा त्याचा परिणाम होता. पुढे लघवी वाढवण्यासाठी पाऱ्याची इंजेक्शनं देत असत, ती त्रासदायकच होती. १९५८च्या सुमारास क्लोरोथायाझाइड ही तोंडाने घ्यायची गोळी बाजारात आली आणि चित्र पालटलं. तिच्याच कुळातली क्लोरथॅलिडोन आज आपल्याकडच्या सरकारी उपचारपद्धतीतही आहे. आधी अ‍ॅमलोडिपिन, मग टेल्मिसार्टन, आणि तरीही दाब आटोक्यात नसेल तर क्लोरथॅलिडोन, असा साधारण क्रम असतो. अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑलहॅट’ चाचणीत ही स्वस्त गोळी महागड्या नव्या औषधांच्या तोडीस तोड ठरली. मूत्रपिंडाच्या नळीत शेवटाकडे मीठ परत घेणारा एक दरवाजा असतो, तो ही गोळी बंद करते. गाळलेल्या मिठापैकी पाच-सात टक्केच तिथून परत जातं, पण दाबासाठी तेवढं पुरतं. हा दरवाजा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे भाजीची गोष्टही तिथेच येऊन पोहोचते.

आता घरगुती उपायांकडे एकेक करून पाहू. मराठवाड्याच्या मातीतलं, आणि जगभर सर्वांत जास्त तपासलं गेलेलं पीक म्हणजे अंबाडी.

नायलॉनचे दोर येण्याआधी अंबाडी ही प्रत्येक शेताची गरज होती. ज्वारीच्या, कपाशीच्या, तुरीच्या कडेने तिची ओळ असायची. तिच्या वाखापासून दावं, कासरा, चऱ्हाट होत असे. पानांची भाजी ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून शिजवायची, वरून लसणाची फोडणी ओतायची आणि भाकरीबरोबर खायची. लाल अंबाडीची बोंडं निघाली की त्यांची चटणी. या लाल बोंडांचाच काढा मेक्सिकोपासून नायजेरिया-सुदानपर्यंत पितात, आणि त्याच्यावर माणसांत झालेल्या चाचण्या बऱ्याच आहेत. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात ६५ लोकांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली, ती २०१० साली छापून आली. दाब थोडा चढलेला, पण गोळी सुरू नाही, असे हे लोक होते. दिवसातून तीन कप बोंडांचा चहा पिणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी ७.२ने उतरला, तसंच दिसणारं दुसरं पेय पिणाऱ्यांचा १.३ने. मेक्सिकोत कॅप्टोप्रिल आणि लिसिनोप्रिल या गोळ्यांशी, नायजेरियात हायड्रोक्लोरोथायाझाइड या लघवीच्या गोळीशी तुलना करून पाहण्यात आली आणि निकाल उत्साह वाढवणारे आले. शरीराला मीठ धरून ठेवायला सांगणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला हा काढा आवर घालतो, असंही काही संशोधकांना दिसलं.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की झालं, आपल्या बांधावरच औषध आहे. इथे थांबून तीन गोष्टी पाहायला हव्यात. चाचण्या लहान आहेत आणि काही आठवड्यांच्या आहेत. जगभरचा पुरावा कठोरपणे चाळणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यांनी तो अजून अपुरा ठरवला आहे. दुसरं असं की चाचण्या लाल अंबाडीच्या बोंडांवर झाल्या, आणि आपल्याकडे वाखासाठी लावत ती अंबाडी बहुधा तिची बहीण, वेगळ्या जातीची. तिसरं, आपण जास्त करून पानं खातो. पानांचा आंबटपणा जावा म्हणून ती उकळून पिळून काढतो, म्हणजे पाण्यात उतरणारी द्रव्यं बरीचशी मोरीत जातात. अंबाडीची भाजी चांगलीच आहे, ती खावी. पण तिच्या पानांनी दाब उतरतो हे अजून कुणी मोजून दाखवलेलं नाही.

बाकीच्या काढ्यांचा पुरावा याहून पातळ आहे. गोखरूचा अर्क उंदरांना दिल्यावर लघवी फ्युरोसेमाइड या तेज औषधाइतकी वाढली, असा इराकमधला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. पण त्यातला डोस किलोमागे पाच ग्रॅम होता. साठ किलोच्या माणसाला सरळ हिशेबाने ते प्रमाण तीनशे ग्रॅम होईल. उंदराचं माप माणसाला असं जसंच्या तसं लावता येत नाही हे खरं, पण चमचाभर गोखरू चूर्णाकडून काय अपेक्षा करायची याचा अंदाज त्यावरून येतो. धण्याचा अर्क भूल दिलेल्या उंदरांच्या शिरेतून सोडला तेव्हा लघवी वाढली. रात्रभर भिजवलेल्या धण्यांचं पाणी तोंडाने घेणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. मक्याच्या केसांचं उत्तर मात्र सरळ मिळालं आहे. व्हिएतनाममध्ये तिथली चार पारंपरिक मूत्रल औषधं निरोगी माणसांना देऊन पाहिली, कोणाला औषध आणि कोणाला नकली ते घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. १९९२ साली छापलेला निकाल असा की बारा किंवा चोवीस तासांच्या लघवीत फरक नाही आणि सोडियमातही नाही. त्या चारांत मक्याचे केस होते आणि आपल्या दर्भाच्या जातीचं एक गवतही होतं. ज्यांना विश्वास होता त्यांना हा निकाल कडू वाटेल, पण तो नीट केलेल्या कामातून आला आहे आणि तो मानायला हवा.

पुनर्नवेची, म्हणजे आपल्या घेटुळीची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिच्यात आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये देशी औषधं प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, त्यांना भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणतात. १९२०च्या दशकात त्यांनी पुनर्नवेवर काम केलं. तिच्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर सापडले आणि लघवी वाढण्यात त्यांचा मोठा वाटा असावा असा कयास निघाला. त्या काळात याला फारसं महत्त्व मिळालं नाही. एखादं अद्भुत द्रव्य सापडावं अशी अपेक्षा असताना पोटॅशियम निघालं, तर निराशा व्हायचीच. आज शंभर वर्षांनी वाटतं की ते उत्तर फार मोलाचं होतं.

कारण मूत्रपिंडाच्या नळीतला तो मघाचा दरवाजा पोटॅशियमच्या हुकमावर चालतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनाने हे स्पष्ट केलं आहे. जेवणातून पोटॅशियम भरपूर आलं की तो दरवाजा मिटतो आणि मीठ लघवीवाटे निघून जातं. जेवणात पोटॅशियम कमी पडलं की तो उघडतो, आणि मीठ आधीच जास्त असलं तरी शरीर ते धरून ठेवतं. म्हणजे क्लोरथॅलिडोन ज्या जागी काम करते तिथेच, मंद गतीने आणि थोड्या प्रमाणात, डाळ-भाजी काम करते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला सोपं आहे. पाण्याच्या अतिवापराने चोपण झालेल्या जमिनीत नुसतं पाणी सोडून भागत नाही, जिप्सम टाकून आधी सोडियम मातीच्या कणांपासून सोडवावं लागतं, मग ते निचऱ्याच्या पाण्याबरोबर जातं. शरीरात पोटॅशियमचं काम त्या जिप्समसारखं आहे.

अमेरिकेतल्या ‘डॅश’ आहाराच्या चाचणीने हे ताटावर दाखवलं. १९९७ साली तिचा निकाल आला. ४५९ लोकांना गट पाडून ठरवून दिलेलं जेवण दिलं, ‘डॅश’ गटाच्या ताटात फळं, भाज्या, डाळी-दाणे, कमी स्निग्धांशाचं दूध. मीठ सगळ्यांना सारखंच. या गटात ज्यांचा दाब मुळात चढलेला होता त्यांचा, नेहमीचं जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत, वरचा ११.४ने आणि खालचा ५.५ने उतरला, तोही दोन-तीन आठवड्यांत. एका गोळीइतकाच हा परिणाम. पुढे २००३ साली जपानी-अमेरिकी संशोधकांनी याच मालिकेतले आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की हा आहार मूत्रपिंडाला मीठ सोडायला मदत करतो, म्हणजे लघवीच्या गोळीसारखा वागतो. भाज्या खरंच मूत्रल आहेत, असं म्हणायला सर्वांत भक्कम आधार हा आहे. तो एखाद्या काढ्याचा नाही, पूर्ण ताटाचा आहे.

मग जालन्याच्या ताटात पोटॅशियम कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम सांगते. शंभर ग्रॅम कच्च्या काकडीत सुमारे दीडशे मिलिग्रॅम असतं, दुधीतही जवळपास तेवढंच, कलिंगडात त्याहून कमी. तेवढ्याच वजनाच्या घोळीत पाचशेच्या आसपास, माठ-तांदुळजात सहाशेपर्यंत, कोथिंबिरीत पाचशेवर. ज्यांची ‘लघवी करणारे’ म्हणून ख्याती आहे ते पाणीदार पदार्थ, आणि प्रत्यक्षात मीठ बाहेर काढणाऱ्या पालेभाज्या, यांत तिपटी-चौपटीचं अंतर आहे. घोळ, चिगळ, तांदुळजा, पाथरी, कुरडू, घेटुळी या रानभाज्या पावसाळ्यात खुरपताना आपसूक हाती लागत. तणनाशकांचा वापर वाढला तशा त्या शेतातून कमी होत गेल्या. कृषी विभाग आता ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे ‘औषधी गुणधर्म’ म्हणून लांबलचक याद्या लावलेल्या असतात. त्या याद्यांपेक्षा पोटॅशियमचा एक आकडा लिहिला तर लोकांना जास्त उपयोग होईल. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, मेथी, चाकवत, शेपू यांनी ती जागा भरून निघते.

आणि डाळ. ताटाचा खरा भार डाळ उचलते, ती फार वेळा गृहीत धरली जाते. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत हजार मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं. माणशी मूठभर डाळीचं घट्ट वरण म्हणजे तीन-चारशे मिलिग्रॅम, तेही रोज, काही वेगळं न करता. जालना जिल्ह्याचा या डाळीशी खास संबंध आहे. बदनापूरला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे तुरीच्या जाती निघाल्या. बीडीएन ७११, बीडीएन ७१६ ही नावं शेतकरी रोज घेतात, त्यातलं ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूरच. कमी पाण्यात, हलक्या-मध्यम जमिनीत येणारी ही तूर दुष्काळी जिल्ह्याच्या रक्तदाबासाठी कुठल्याही काढ्याहून मोठं काम करू शकते. अडचण अशी की डाळ महागली की घरोघर वरण पातळ होतं, आणि ज्यांच्या घरी पहिल्यांदा पातळ होतं त्यांनाच गोळीही परवडत नसते.

मोसंबीचंही थोडं बोलायला हवं. अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या पट्ट्यातल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि २०१२-१३च्या दुष्काळात याच बागा शेतकऱ्यांनी टँकरने जगवल्या किंवा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या. एका मोसंबीतून दोन-तीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. फळ सोलून फोडी खाल्ल्या तर उत्तम. ग्लासभर रसात मात्र तीन-चार फळांची साखर एकदम जाते, वर गाड्यावर साखर आणि काळं मीठही घालतात. मधुमेह आणि बीपी अनेकांना बरोबरच असतात, त्यांनी रसापेक्षा फळ खावं.

पोटॅशियम वाढवायचं तर मीठ कमी व्हायलाच हवं, नाहीतर अर्धाच हिशेब होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम मिठाची, म्हणजे सपाट चहाचा चमचा. आपल्या देशात वेगवेगळ्या पाहण्यांत आठ ते अकरा ग्रॅम खाल्लं जातं असं दिसतं. मराठवाड्याच्या जेवणात एक फार मोठी चांगली गोष्ट आहे, ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं. युरोप-अमेरिकेत ब्रेडमधूनच मोठा हिस्सा जातो, तो धोका आपल्या मुख्य अन्नात नाही. आपलं मीठ ठेच्यात आहे, लोणच्यात, खारातल्या मिरचीत, पापड-कुरडया-सांडग्यांच्या वाळवणात, आणि अलीकडे फरसाण-शेव-बिस्किटांत. वाळवणात मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमच. ‘साधं मीठ सोडलं, सैंधव घेतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सैंधव आणि पादेलोण दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. त्यांनी दाबाला काही सवलत मिळत नाही.

ज्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, ते कमी सोडियमचं मीठ मात्र खरंच वेगळं आहे. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर जवळपास पाच वर्षं चाललेल्या चाचणीचा निकाल २०२१ साली आला. चौथा हिस्सा पोटॅशियम असलेलं मीठ वापरणाऱ्यांत अर्धांगाच्या झटक्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. गावातल्या, साध्या माणसांच्या स्वयंपाकघरात झालेलं हे काम आहे, म्हणून आपल्याला जवळचं वाटावं असं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली अशा मिठाची शिफारस केली, पण ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांना वगळून.

हा अपवाद महत्त्वाचा आहे. निरोगी मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम सहज बाहेर टाकतं. आजारी मूत्रपिंड टाकू शकत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत पोटॅशियम आधीच थोडं वाढलेलं असू शकतं. म्हणून जुना मधुमेह असेल, पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर पोटॅशियमचं मीठ किंवा रोजचा हिरव्या भाज्यांचा रस सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यायलाच हवं. अशा रुग्णांना डॉक्टर भाजी उकळून पाणी टाकून द्यायला सांगतात, बाकीच्यांनी तेच पाणी डाळीत घालावं.

दुधीच्या रसाबद्दल वेगळं सांगायला हवं. कडू निघालेल्या दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. असा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या होऊन, दाब एकदम कोसळून देशात माणसं दगावली आहेत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यावर तज्ज्ञ समितीही नेमली होती. चव घेतल्याशिवाय दुधीचा रस काढू नये, आणि कडू लागला तर घोटभरही गिळू नये. खोकल्यासाठी घरात असणारा ज्येष्ठमध रोज घेतला तर उलट दाब चढवतो आणि पोटॅशियम खाली आणतो. अनेक तयार काढ्यांत तो असतो, पुडीवर वाचून घ्यावं.

जालन्याची उष्णता हा या प्रश्नाचा आणखी एक भाग आहे. औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांत भट्टीपाशी, रोलिंग मिलच्या फलाटावर काम करणारा माणूस घामातून पाणी आणि मीठ दोन्ही घालवत असतो. मंठा, अंबड, घनसावंगीहून ऊसतोडीला जाणारी जोडपी सकाळपासून रात्रीपर्यंत राबतात, अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी रोजची झालेली असते. डायक्लोफेनॅकसारख्या या गोळ्या दाब वाढवतात, लघवीच्या गोळीचा परिणाम मारतात, आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी व वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. अशा माणसाला वरून आणखी ‘लघवी करणारा’ काढा देणं धोक्याचं आहे. एप्रिल-मे महिन्यांत चक्कर, गळाठा, हातापायांत गोळे येऊ लागले तर गोळीचा डोस बदलावा लागेल का, हे डॉक्टरांना विचारायला हवं. त्यांनी आपण होऊन विचारलं नाही तर काम काय करतो ते सांगायला हवं. तशीच गोळी बंद मात्र करू नये. ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत, बीपीची नेहमीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवीत.

ताट बदलून दाब उतरला तर गोळी कमी होऊ शकते, हे खरं आहे आणि त्याची आशा ठेवायलाही हरकत नाही. त्याची रीत एवढीच आहे की आधी ताट बदलायचं, गोळी तीच ठेवायची, महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा पाच मिनिटं शांत बसून दाब मोजून वहीत लिहायचा, आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. कमी करायचं की नाही ते त्या वहीवरून ठरतं.

वनस्पतीचं मोजमाप नीट झालं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, दाब पुन्हा पुन्हा मोजून, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जगाचं लक्ष त्या झाडाकडे वळलं, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपीनने पुढे काहींना खोल नैराश्य आणलं, ते मागे पडलं. तेही कळलं, कारण नोंदी होत्या.

अंबाडीच्या पानांसाठी, घेटुळीसाठी, बदनापूरच्या तुरीच्या वरणासाठी असं काम जालन्यात होऊ शकतं. २०२४ साली इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, बदनापूरला डाळींचं संशोधन केंद्र आहे, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र गावागावांत पोहोचलेलं आहे. दोन-चार गावं निवडायची. काही घरांत लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा, काहींत डाळ-पालेभाजी वाढवलेलं ताट, काहींत नेहमीचं जेवण. गोळ्या सगळ्यांच्या चालू ठेवायच्या, मूत्रपिंडाची तपासणी आधी करायची, आणि तीन महिने दाबाबरोबर चोवीस तासांच्या लघवीतलं सोडियम-पोटॅशियम मोजायचं. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो एक झाकणाचा कॅन, एक प्रयोगशाळा, आणि घरोघरी जाऊन तो कॅन रोज वेळेवर गोळा करणारी आशा ताई, जिला त्या कामाचे पैसे वेळेवर मिळतील.